चूक दादांची, भूल धाकटीची

मास्तरांचा भलताच गुडघा उघडला गेला त्याला बरेच दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत घरात 'चूक' हा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता. थोरले चिरंजीव, म्हणजे ज्यांच्या हातून ते झालं ते दादा, त्याला 'तो प्रकार' म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ डॉक्टर नव्हता, पण रुग्णालयाचा सगळा कारभार बघायचा. तो 'ती केस' म्हणायचा. वकील आत्या 'कथित घटना' म्हणत आणि 'कथित'वर असा जोर देत, की ऐकणाऱ्याला घटनेपेक्षा तोच शब्द मोठा वाटावा. धाकटी सून तेवढी काहीच म्हणत नव्हती. ती भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा तिचा व्यवसाय, आणि त्या दिवसापासून तिचीच झोप उडाली होती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. या घरातल्या प्रत्येकाने त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच शिव्या खात स्टिअरिंग धरलं होतं. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते, आणि शिकाऊ लोकांचा क्लच आयुष्यभर स्वतः दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. "डॉक्टर, क्लचचा गुडघा गेला," असं म्हणतच ते तपासायला आले. दादांनी तपासलं, आतली गादी फाटली होती, दुर्बिणीतून दुरुस्त करायचं ठरलं. डाव्या मांडीवर शाईने ठळक बाणही काढला.

त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात दुर्बिणीतलं चित्र दाखवणारा नवा पडदा बसवला होता. तो पलीकडच्या भिंतीला आला म्हणून टेबल फिरलं, टेबल फिरलं म्हणून ट्रॉली फिरली, आणि या फिरवाफिरवीत बाणवाला पाय हिरव्या कापडाखाली गुंडाळला जाऊन उजवा पाय दिमाखात समोर आला. पहिला काप घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, नर्सने मोठ्याने विचारायचं आणि प्रत्येकाने डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, असा नियम. नर्सने विचारलं, "डावा गुडघा, बरोबर?" दादा म्हणाले, "बरोबर." धाकटीने मशीनच्या आकड्यांवरची नजर न काढता म्हटलं, "बरोबर." डावा बरोबरच होता. उघडला मात्र उजवा.

आत दुर्बीण गेली आणि नव्या पडद्यावर इतका निरोगी गुडघा दिसला, की पाठ्यपुस्तकात छापावा. दादा दुर्बीण फिरवत राहिले, फाटलेलं काही सापडेना. मग त्यांचा हात थांबला. मास्कच्या वरून त्यांचे डोळे धाकटीच्या डोळ्यांना भिडले. दादांनी टाके घातले आणि ते बाहेर गेले.

मास्तर जागे झाले, खाली बघून हसले आणि म्हणाले, "अहो डॉक्टर, हा तर ब्रेकचा पाय!"

तेव्हाच सांगायचं होतं. पण दादांच्या तोंडून निघून गेलं, "तो आतून जास्त धोक्यात होता मास्तर. आधी तो वाचवला. क्लचचा आता सावकाश करू."

मास्तरांचे डोळे भरून आले. घरी गेल्यापासून ते भेटेल त्याला सांगत सुटले, की आपल्याला देवमाणूस भेटला.

रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. रुग्णालय उभं केलं ते बाबांनी. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. ते आता आपली खुर्ची समारंभपूर्वक दादांना देणार होते. रुग्णांतर्फे कृतज्ञता व्यक्त करायला कोणीतरी हवं होतं, आणि मास्तर आपणहून तयार झाले. सोमवारी त्यांचा क्लचचा गुडघा व्हायचा होता.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली आणि ताटं उचलून टेबलाभोवतीच बैठक बसली. रुग्णालय खाली, घर वर. आईंच्या मागे त्यांच्या खोलीत एक्स-रे मशीन बसवायचं की नाही, हेसुद्धा याच टेबलावर ठरलं होतं. बाबांनी उद्याचं भाषण वाचून दाखवलं. विषय होता 'विश्वास'. कुठे आवंढा गिळायचा ती जागा त्यांनी हेरून ठेवली होती, आणि तालमीतही ते तिथे गिळले.

"सुंदर!" धाकटीचा नवरा म्हणाला. "यानंतर लगेच मास्तर. तेही रडतील. मग खुर्ची."

"मास्तरांना उद्याच्या आधी सांगायला हवं," धाकटी म्हणाली.

"काय सांगायला हवं?"

"की दादांकडून आणि माझ्याकडून चूक झाली."

थोरलीने, म्हणजे दादांच्या बायकोने, उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरी, हा शब्द पुन्हा काढू नकोस."

"आत्या, आपण कोर्टात नाही, जेवणाच्या टेबलावर आहोत."

"माझे निम्मे अशील जेवणाच्या टेबलावर बोलूनच माझ्याकडे आलेत."

दादा रिकाम्या कपात चमचा फिरवत होते. "मी त्यांचं नुकसान केलंय का? दोन छोटी भोकं, ती भरत आली. आणि दुसरा गुडघा मी फुकट करून देतोय."

"दादा, तो दुसरा नाही. तो पहिलाच आहे."

चमचा थांबला. धाकटीला वाईट वाटलं. दादा वाईट माणूस नव्हते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा भर शस्त्रक्रियागृहात तिचं ऐकून घेणारे तेच पहिले होते. हात सोन्याचे, आणि हात सोन्याचे आहेत हे लहानपणापासून इतकं ऐकलेलं, की तेही कधी चुकतील हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"सांगून काय मिळणार?" नवऱ्याने विचारलं. "माणूस खूश आहे. खूश माणसाला दुःखी करणं हे आपलं काम आहे का?"

"माणूस खूश आहे कारण आपण त्याला फसवलंय. त्याला न सांगता मी सोमवारी त्याला भूल देणार नाही. आणि तुम्ही बाहेरून कोणाला बोलावलंत, तर भूल का देत नाही ते मी मास्तरांना जाऊन सांगेन."

मग बैठकीचा रंग बदलला. सांगायचं की नाही हा प्रश्न मागे पडला आणि कसं सांगायचं यावर सगळ्यांची बुद्धी धावू लागली.

"'शस्त्रक्रियेच्या क्रमात बदल झाला' असं म्हणता येईल," आत्या म्हणाल्या.

"क्रमबदल!" बाबांनी शब्द चाखून बघितला. "छान आहे. बसतोय."

"पण बदल कोणामुळे, असं विचारलं तर?" नवऱ्याने विचारलं.

आत्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तसं बघायला गेलं तर बाजू तपासायची जबाबदारी भूल देणाऱ्याचीही असते."

टेबलावरच्या सगळ्या नजरा हळूहळू धाकटीकडे वळल्या, तिच्या नवऱ्याचीसुद्धा. त्याची सगळ्यात शेवटी वळली, एवढाच काय तो संसाराचा मान.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "तू स्वतःच 'माझ्याकडून' म्हणालीस. दादा उद्या खुर्चीवर बसणार. लोक त्यांच्या नावाने येतात. तुझं तसं नाही गं. तुझा चेहरा पेशंट जेमतेम बघतो आणि झोपतो."

"शिवाय आपण चूकभूल म्हणतोच!" बाबांना एकदम सुचलं. "चूक आली की पाठोपाठ भूल आलीच!" आणि आपल्या विनोदावर ते इतके खूश झाले, की भाषणात तो कुठे घालता येईल का, असं त्यांनी धाकट्या चिरंजीवांना विचारलंसुद्धा.

धाकटीच्या कानशिलांत रक्त उसळलं. पण त्याच क्षणी तिला हेही कळत होतं, की यात एक दाणा खरा आहे. ती खरंच 'बरोबर' म्हणाली होती. मान वर करून एकदा बघितलं असतं, तर हे टेबल आज भरलंच नसतं.

"चालेल," ती म्हणाली. "माझं नाव घाला. पण आज सांगा."

हे कोणाच्याच हिशेबात नव्हतं. बळीचा बकरा आपणहून समोर येऊन उभा राहिला, की कापणाऱ्याची पंचाईत होते. आत्या म्हणाल्या, तिने कबूल केलं तर रुग्णालयानेच कबूल केल्यासारखं होतं. नवरा म्हणाला, मग क्रमबदलच बरा. आणि या सगळ्यात थोरली अचानक हसायला लागली.

थोरली त्वचारोगतज्ज्ञ. गच्चीवरच्या खोलीवरून भांडण झाल्यापासून ती धाकटीशी 'मीठ सरकव' यापलीकडे बोलत नव्हती. आता तिने दादांच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"बघा यांच्याकडे. सकाळी अर्धीच दाढी केली. एक गाल करून आरशासमोर उभे राहिले आणि तसेच बाहेर आले. झोपेत बडबडतात. 'कुठला पाय, कुठला पाय' करत परवा माझं पांघरूण ओढून काढलं. आत्या, तुमचं क्रमबदल वगैरे ठीक आहे, पण या माणसाबरोबर राहायचं मला आहे. सांगून टाका एकदाचं."

दादांनी गालावरून हात फिरवला. खरंच एक बाजू खरखरीत होती.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. नीतिमत्तेचा प्रश्न आला की त्यांच्याकडे बघायची घराची पद्धत होती. डॉक्टरीच्या पोरांना त्यांनी वर्षानुवर्षं तोच विषय शिकवला होता. बाबा ताठ बसले.

"रुग्णाला सत्य सांगितलंच पाहिजे," ते म्हणाले. "यात तडजोड नाही."

धाकटीच्या छातीवरचं ओझं हललं.

"फक्त सोमवारी सांगा," बाबा म्हणाले. "उद्या पाहुणे आहेत."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. थोरलीने दार उघडलं, आणि काठी टेकत, दोन्ही पाय वेगवेगळ्या तऱ्हेने ओढत मास्तर आत आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, खिशात घडी केलेला कागद.

"सगळे एकत्र आहात, बरं झालं," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "भाषण लिहिलंय. मला गाडीत बोलायची सवय. माइकसमोर शिवी निघेल अशी भीती वाटते. एकदा वाचून दाखवतो. चुकलं तर सांगा."

कोणी नाही म्हणायच्या आत त्यांनी कागद उलगडला.

"निम्म्या शहराला मी ब्रेक कुठे असतो ते शिकवलं. पण माझ्याच ब्रेकच्या पायात बिघाड आहे, हे मला कळलं नाही. तो पाय दुखत नव्हता, सुजला नव्हता. तरी या डॉक्टरांनी ओळखलं. दुखल्यावर कोणीही ओळखेल. दुखायच्या आधी ओळखतो तो खरा डॉक्टर." मास्तरांनी मान वर करून दादांकडे बघितलं. "आणि गंमत सांगू? हे लिहिलेलं नाही, आत्ता आठवलं. आता तो उजवासुद्धा ठणकायला लागलाय. जिना चढवत नाही. म्हणजे तुम्ही बरोबरच होतात!"

आत्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. नवऱ्याने चहा मागवला, चहा समोर असताना.

"पुढे ऐका. ही तुमची धाकटी. ही शिकाऊ असताना हिने माझी गाडी दुधाच्या टेम्पोवर घातली होती. तीच पोरगी मला इतकं गाढ झोपवते आणि नंतर रोज घरी येऊन बघून जाते. असे डॉक्टर..."

"मास्तर," धाकटी म्हणाली.

"थांब, शेवट चांगला आहे."

"मास्तर, मी घरी येत होते ते सांगायला येत होते. रोज सांगायला यायचे आणि नाडी बघून परत जायचे. तुमच्या उजव्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. डावा करायचा होता. आमच्याकडून चुकून उजवा उघडला गेला. मला बाजू बघून सांगायची होती. मी न बघता 'बरोबर' म्हणाले."

मास्तर हसले. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू कमी कमी होत गेलं. शेवटी त्यांची नजर दादांवर येऊन थांबली.

"डॉक्टर?"

"खरं आहे," दादा म्हणाले. "काप मी घेतला. तिच्या आधी 'बरोबर' मीच म्हणालो."

"कळलं कधी?"

"आत बघितल्याबरोबर. आत सगळं ठीक होतं."

"मग मी जागा झाल्यावर ते धोक्यात होता, वाचवला..."

"खोटं होतं."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. ती नीट बसेना. त्यांनी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"माझ्या गाडीत लोकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलेत," ते म्हणाले. "एकाने शाळेची भिंत पाडली. मी त्याच्यावर ओरडलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला बसलो. पाय चुकतो, डॉक्टर. माणसाचा पाय चुकतो, हात चुकतो. पण भिंत पाडून वर मला कोणी असं नाही सांगितलं, की मास्तर, ही भिंत पडायलाच आली होती, मी तुमच्यासाठी आधीच पाडली."

त्यांनी कागद खिशात कोंबला.

"आणि मी येडा लोकांना सांगत फिरलो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या बायकोने तुमच्या नावाने दिवा लावला!"

दादा उठून त्यांच्याजवळ गेले. "उद्या मी सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही म्हणाल ते, म्हणाल तसं सांगतो."

"मी का सांगू काय म्हणायचं ते? चूक तुमची आणि भाषणही मीच लिहून द्यायचं?" मास्तर काठीवर जोर देऊन उभे राहिले. धाकटीने हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि न घेता दाराकडे गेले. लिफ्टचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

बाबांनी घसा साफ केला.

"मग आता उद्या रुग्णांतर्फे कोण बोलणार?"

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. बापाकडे असं बघताना त्यांना घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. मग ते आत गेले, आणि थोड्या वेळाने न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या गालाची दाढी चालली होती.

रविवारी हॉल भरला. बाबांनी 'विश्वास' हे भाषण एकही शब्द न गाळता केलं आणि ठरल्या जागी आवंढा गिळला. मग दादा माइकपाशी गेले. हातात कागद नव्हता. "मी एका रुग्णाच्या चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया केली," ते म्हणाले, "आणि त्यांना खोटं सांगितलं. ही खुर्ची मी आज घेणार नाही."

धाकटीच्या नवऱ्याने ध्वनिक्षेपकवाल्याला खुणा केल्या, पण त्याला वाटलं आवाज कमी पडतोय, त्याने वाढवला. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता सगळा हॉल उभा राहून टाळ्यांचा कडकडाट करू लागला. बायका डोळे पुसत होत्या. नवऱ्याचा चेहरा उजळला, तो धाकटीच्या कानाशी लागून म्हणाला, "अगं, हे तर त्याहून भारी झालं! 'खरं बोलणारं रुग्णालय.' बाहेर फलक लावू." आणि बाबा खुर्चीतून उठून, जणू हे सगळं आपणच बसवलं होतं अशा थाटात, दादांची पाठ थोपटू लागले.

दादा मात्र मंचावर खजील उभे होते. टाळ्या थांबवायला त्यांनी हात वर केला. लोकांना तो नम्रपणा वाटला आणि टाळ्या आणखी वाढल्या.

तेव्हा धाकटीला शेवटच्या रांगेत मास्तर दिसले. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते उठायचा प्रयत्न करत होते. काठी सावरून उभे राहिले आणि दोन दुखऱ्या पायांनी दाराकडे निघाले. हॉल लांब होता, त्यांना वेळ लागत होता, आणि एवढ्या सगळ्या डॉक्टरांना मान देणाऱ्या गर्दीत त्यांच्यासाठी बाजूला व्हायला कोणाला सुचत नव्हतं.

नवऱ्याचा हात सोडवून धाकटी माणसांतून वाट काढत गेली. तिने दार उघडून धरलं. बाहेर रस्त्यापर्यंत उताराची फरशी होती, नुकतीच धुतलेली.

"मला माझे सगळे रिपोर्ट हवेत," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "क्लचचा गुडघा मी दुसरीकडे करणार. आणि तक्रार करणार."

"करा. मला बोलावलं तर येऊन सांगेन. जसं झालं तसं."

"नावं दोन्ही घालणार. तुझंही."

"घाला, मास्तर."

त्यांनी उताराकडे बघितलं. पाणी अजून चमकत होतं. आत टाळ्या चालूच होत्या. काठी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा दंड तिच्याकडे केला.

"धर आता नीट," ते म्हणाले. "पडलो तर तिसरा गुडघा नाहीये माझ्याकडे."